मोडीचें वळण आणि छापखान्याचे खिळे

सुंदर हस्ताक्षर आणि छापील अक्षर यांचा संबंध वरवर पाहतां अगदीं साधा वाटतो. कोणी एक कुशल लेखक अक्षर काढतो, त्याचें वळण पाहून ठसेकार तें पोलादावर कोरतो, ओतारी शिशाचे खिळे ओततो, आणि एका हाताचें सौंदर्य सहस्र प्रतींत उतरतें. रोमन अक्षरांची कथा बहुतांशीं अशीच आहे. परंतु जिचें सर्व सौंदर्य गतींत आहे, जिच्यांत एक अक्षर कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें हें लिहिणाराच्या मनगटावांचून कोणासच ठाऊक नसतें, अशा लिपीचे खिळे पाडणें म्हणजे वाहत्या पाण्याच्या विटा पाडण्यासारखें आहे. आमची मोडी ही अशी लिपि होय. तिचे खिळे पाडण्याचा उद्योग दोन शतकांपूर्वीं झाला, कांहीं काळ चालला आणि थंडावला. तो कां थंडावला आणि त्या थंडावण्याची किंमत आज कोण देत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारासाठीं आम्हीं अहमदनगर जिल्ह्याची भूमि घेतली आहे. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. जुन्या कागदांच्या संबंधानें बोलतांना आम्ही नगर हेंच सुटसुटीत नांव वापरूं. पोथी आणि दप्तर हे मराठी लेखनाचे दोन प्रवाह या एका जिल्ह्यांत जितके जवळ जवळ वाहिलेले दिसतात, तितके अन्यत्र क्वचितच दिसतील, म्हणून ही निवड.

१

प्रथम मोडी म्हणजे काय हें थोडक्यांत पाहूं. मोडी लिहिणारा कारकून अक्षराला हात घालण्यापूर्वीं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढी. मग त्या रेघेला खालून लगटून, बोरू शक्य तितका कमी उचलून, तो अक्षरांची माळ गुंफीत जाई. दोन शब्दांमध्यें जागा सोडावयाची नाहीं. विरामचिन्हांचें नांव नाहीं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं, एकच वेलांटी आणि एकच उकार दोन्हींचें काम करी. काना, मात्रा, उकार हे अक्षरास बाहेरून चिकटविलेले अलंकार नसून ते अक्षराच्या अंगांतच मुरत; त्यामुळें एकाच व्यंजनाची आकृति निरनिराळ्या स्वरांबरोबर इतकी बदले कीं, नवशिक्यास तीं निराळीं अक्षरेंच वाटावीं. बोरूचें टोंक तिरपें कापलेलें असे, त्यामुळें रेघ वळतांना आपोआप जाड-बारीक होई. काजळाच्या शाईवर बारीक वाळू शिंपडून ती सुकवीत. पुढें इंग्रजी अमलांत लोखंडी टांक आला आणि ही जाड-बारीक रेघ जाऊन एकसारखी सडपातळ रेघ आली. बोरूची मोडी आणि टांकाची मोडी जाणता वाचक दुरूनच ओळखतो.

मोडीच्या जन्माची कथा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्याशीं जोडलेली आहे. त्यानें ती लंकेंतून आणली अशी आख्यायिका आहे. तिच्यावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं, पण एका मुलकी अधिकाऱ्याचें नांव तिच्यांत यावें यांत अर्थ आहे. ही लिपि सरकारी लेखनाच्या निकडींतून निघाली, हें लोकांच्या स्मृतीनें बरोबर धरून ठेविलें. 'मोडी' या नांवाची व्युत्पत्ति सामान्यतः 'मोडणें' या धातूपासून लावितात. फारशींत त्वरेनें लिहिण्याच्या वळणाला 'शिकस्त' म्हणजे मोडलेलें असें म्हणतात. मोडी हें नांव त्याचेंच भाषांतर असावें असें कित्येकांचें मत आहे. तें खरें असो वा नसो, दोन्ही नांवांच्या मागें एकच गोष्ट आहे. सावकाश काढलेलें अक्षर घाईच्या हातांत मोडतें आणि त्या मोडण्यालाही कालांतरानें एक डौल येतो. मोडीचा १३८९ सालचा म्हणून ओळखला जाणारा एक कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे. पुढें शिवकालांत बाळाजी आवजी चिटणीस यांच्या नांवानें ओळखलें जाणारें चिटणिसी वळण रूढ झालें आणि पेशवाईंत चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशीं वळणें नांवाजलीं गेलीं. एखाद्या घराण्याच्या किंवा कारकुनाच्या हाताचें वळण इतकें विख्यात व्हावें कीं इतरांनीं त्याचा कित्ता गिरवावा, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आज ज्याला आपण अक्षराचा नमुना किंवा टाईप म्हणतों, त्याचें कार्य तेव्हां हीं वळणें करीत; फक्त त्यांचा छापखाना माणसाच्या मनगटांत होता.

नगर जिल्ह्यांत या दप्तरी लेखनास भरपूर काम होतें. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदानें निजामशाहीची राजधानी येथें वसविली. दरबारची भाषा फारशी होती, तथापि गांवोगांवचा वसूल, जमाखर्च, वतनांचे तंटे हें सर्व पाटील-कुळकर्ण्यांच्या हातीं असल्यामुळें मराठीवांचून पान हालत नसे. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं जमिनीच्या धाऱ्याची जी घडी बसविली तिचा पायाही गांवच्या या दप्तरावरच होता. पुढें मराठेशाहींत या जिल्ह्यांतील माणसांबरोबर मोडी दूरवर गेली. जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाईंनीं महेश्वरास बसून जो राज्यकारभार केला त्याचें दप्तर मोडींत आहे. पारनेर तालुक्यांतील जामगांवीं ज्यांचा वाडा आजही उभा आहे त्या महादजी शिंद्यांचीं उत्तरेंतील राजकारणें मोडी पत्रांतूनच चाललीं. १७९५ च्या मार्चांत याच जिल्ह्यांतील खर्ड्याच्या मैदानावर मराठे व निजाम यांची लढाई झाली, तिच्या बातम्याही स्वारांच्या कमरेच्या थैल्यांतून मोडी अक्षरांनींच पुण्यास धांवल्या. अशा कागदास जितकी घाई, तितकी लिपि उपयोगी.

२

याच जिल्ह्यांत लेखनाचा दुसराही प्रवाह आहे, आणि तो अधिक जुना आहे. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांनीं सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. ग्रंथकर्त्याबरोबर लेखकाचेंही नांव स्मरणांत ठेवण्याची ही रीति पाहिली म्हणजे पोथी लिहिण्याच्या कर्मास आपल्या लोकांनीं केवढा मान दिला होता हें कळतें. दप्तरांतील कागदाला घाई असते, तशी पोथीला नसते. ती पुनःपुन्हां वाचावयाची, मोठ्यानें वाचावयाची, आणि श्रोत्यांपुढें अडखळावयाचें नाहीं. म्हणून तिची लिपि बहुधा बालबोध. बालबोधांत प्रत्येक अक्षर सुटें आणि उभें असतें, ऱ्हस्व-दीर्घ स्पष्ट असतें, संस्कृत शब्दाची काया मोडत नाहीं. एकाच घरांत, कित्येकदां एकाच माणसाच्या हातून, सकाळीं मोडी आणि रात्रीं बालबोध लिहिली जाई. लिहिणारास त्यांत विसंगति वाटत नसे.

या दोन लेखण्यांचा संबंध एका माणसाच्या चरित्रांत फार ठळकपणें दिसून येतो. राहुरी तालुक्यांतील ताहराबादचे महिपति (१७१५–१७९०) हे गांवचे वतनदार कुळकर्णी. त्यांच्याविषयीं अशी हकीकत परंपरेनें सांगतात कीं, एके दिवशीं ते पूजेस बसले असतां जहागीरदाराचा शिपाई बोलावणें घेऊन आला. पूजा आटोपेपर्यंत थांबण्यास त्यानें नकार दिला आणि तो अद्वातद्वा बोलला. महिपति निमूटपणें उठले, कचेरींत जाऊन त्यांनीं काम उरकलें, परत आल्यावर कानावरची लेखणी पांडुरंगापुढें ठेविली, आणि यापुढें आपण किंवा आपल्या वंशजांनीं ती सरकारी लिखापढीस लावावयाची नाहीं अशी शपथ घेतली. त्यानंतर १७६२ सालीं 'भक्तविजय' आणि १७७४ सालीं 'भक्तलीलामृत' पुरें झालें. ज्या हाताला गांवची जमाबंदी लिहिण्याची संवय होती त्या हातानें संतांचीं चरित्रें लिहिलीं. आणि त्या चरित्रांत प्रसंगांची जी ठाकठीक मांडणी व नांवागांवांचा जो भरणा दिसतो, त्यांत कुळकर्ण्याचें जुनें वळण आम्हांस तरी स्पष्ट दिसतें. महिपतींचे हे ग्रंथ पुढें छापून घरोघर गेले ते बालबोधांत. ताहराबादच्या कुळकर्ण्यांनीं जी मोडी कचेरींत लिहिली असेल, तिला छापण्याचा प्रश्न कोणाच्या मनांतही आला नसता. मोडीच्या खिळ्यांचें पुढें काय झालें याचें निम्में उत्तर या एका गोष्टींत आहे.

३

आतां छापण्याकडे वळूं. मराठीचे पहिले महत्त्वाचे छापील ग्रंथ महाराष्ट्रापासून फार दूर, बंगाल्यांत कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथें निघाले. तेथील मिशनचा छापखाना १८०० सालीं सुरू झाला. विल्यम केरी हा तेथील मुख्य पुरुष कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठीही शिकवी आणि वैजनाथ पंडित त्याच्या साह्यास होते. ठसे कोरण्याचें काम पंचानन कर्मकार व त्याचा जांवई मनोहर या बंगाली कारागिरांचें. ज्या कुळांत पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचें व कोरीव काम चाललें होतें त्याच हातांनीं हिंदी लिपींचे पहिले उत्तम खिळे निघाले. केरीनें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण नागरी खिळ्यांनीं छापलें. परंतु कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना पुढें ज्या कागदांशीं गांठ पडावयाची ते सारे मोडींत, हें ओळखून त्यानें मोडीचे खिळे पाडविले, आणि १८१० सालीं आपला मराठी कोश त्या खिळ्यांनीं छापला. मार्च १८१२ मध्यें श्रीरामपूरच्या छापखान्यास मोठी आग लागली. तरी त्यानंतर 'सिंहासनबत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५) यांसारखीं गद्य पुस्तकें तेथून मोडींतच निघालीं. म्हणजे मराठी गद्याच्या छापील इतिहासाचा आरंभ बऱ्याच अंशीं मोडी खिळ्यांनीं झाला. ही गोष्ट आज फार थोड्यांस ठाऊक असते.

केरीचा तर्क चुकीचा नव्हता. ज्या लिपींत लोक व्यवहार करतात त्या लिपींत त्यांना पुस्तकें द्यावीं, यासारखें सयुक्तिक काय असणार? परंतु खिळ्यांच्या पेटींत मोडी शिरली ती आपला प्राण बाहेर ठेवून शिरली. जी रेघ कागदाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड धांवावयाची, ती आतां प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर तुकड्यातुकड्यानें आली. बोरू न उचलतां जीं अक्षरें एकमेकांत जात, तीं एकमेकांशेजारीं उभीं राहिलीं. स्वरांगणिक बदलणाऱ्या आकृति सर्व द्यावयाच्या तर खिळ्यांची संख्या भरमसाट वाढते, जुळाऱ्याचा हात पेटीवर भटकत राहतो, आणि छपाईचा खर्च दुणावतो. न द्याव्या तर मोडीचें रूप बिघडतें. शब्दांमध्यें जागा न सोडण्याची चाल हातानें लिहिलेल्या कागदांत खपून जाते, कारण लेखकाचा वेग वाचकाच्या डोळ्यांस वाट दाखवितो. सुट्या खिळ्यांच्या ओळींत ती वाट बुजते. बालबोधास यांपैकीं कोणतीही अडचण इतकी जाचली नाहीं. बालबोधाचेंही छापणें सोपें नव्हतें. काना-मात्रा अक्षराबरोबर ओतावयाच्या कीं निराळ्या ओतून वरखालीं बसवावयाच्या, या प्रश्नांतून 'अखंड' आणि 'डिग्री' असे खिळ्यांचे दोन प्रकार झाले. परंतु तिचें अक्षर मुळांतच सुटें असल्यामुळें तिला खिळा परका वाटला नाहीं.

मुंबईस अमेरिकन मिशननें १८१७ पासून मराठी छपाई चालविली. तेथें टॉमस ग्रॅहम याच्या देखरेखीखालीं बालबोध खिळ्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या आणि त्याच छापखान्यांत लहानपणीं खिळे घांसण्याच्या कामास लागलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं पुढें राणोजी रावजी आरू या कुशल ठसेकाराच्या साह्यानें आपली ओतशाळा घातली व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागराचें अक्षर म्हणजे सुबकपणाची परमावधि अशी कीर्ति काशीपर्यंत पसरली. या सर्व कारागिरीचा रोख बालबोधावर होता. त्याच अमेरिकन मिशननें १८३१ सालीं नगरास ठाणें केलें, आणि जून १८४२ मध्यें नगरास 'ज्ञानोदय' हें नियतकालिक सुरू केलें. ज्या जिल्ह्यांतील प्रत्येक चावडींत मोडीचे रुमाल बांधलेले होते, त्या जिल्ह्याचें हें पत्र बालबोधांत निघालें, आणि याचें कोणास नवल वाटलें नाहीं. कारण छापलेली वस्तु ही आतां पोथीच्या कुळांत मोडूं लागली होती. पुढें याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनीं महिपतींच्या 'भक्तविजया'चें पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्यानें इंग्रजी भाषांतर केलें आणि तें १९३३ सालीं प्रसिद्ध झालें.

मोडीस छपाईच्या जगांत एकच खरा आश्रय मिळाला, तो शिळाछापाचा. जर्मनींत १७९८ च्या सुमारास सेनेफेल्डरनें काढलेल्या या युक्तींत खिळ्यांचें कामच नाहीं. चरबीच्या शाईनें लिहावें, तें गुळगुळीत दगडावर उतरावें, दगड ओला करावा; शाईचा रूळ फिरविला कीं लिहिलेल्या जागींच शाई धरते. मनगटाचें वळण जसेंच्या तसें कागदावर उतरतें. मुंबईंत गणपत कृष्णाजींसारख्या हुन्नरी माणसानें हें तंत्र आत्मसात करून स्वतःची शाई तयार केली आणि पंचांगें व पुस्तकें छापलीं. शाळांतून शिकविलीं जाणारीं मोडी वाचनाचीं पुस्तकें शिळाछापावर निघालीं तीं यामुळेंच. तथापि दगडावर छापलेली मोडी विद्यार्थ्यास कागद वाचावयास शिकविण्यापुरती होती. तिच्यांत कादंबरी निघाली नाहीं, वर्तमानपत्र वाढलें नाहीं.

४

ही अडचण आपल्याच वांट्यास आली असें नाहीं. व्हेनिसमध्यें अल्डस मॅन्युशियस यानें १५०१ सालीं फ्रांचेस्को ग्रिफो याच्याकडून त्या काळच्या विद्वानांच्या तिरप्या हस्ताक्षरावरून खिळे कोरविले. तेच आजचें इटॅलिक अक्षर. तें टिकलें, कारण त्याचीं अक्षरें तिरपीं असलीं तरी बहुतेक सुटींच होतीं, आणि पुढें उभ्या रोमन अक्षराच्या शेजारीं शब्दावर जोर देण्याचें एक वेगळें काम त्यास मिळालें. फ्रान्समध्यें लिओं शहरीं रॉबेर ग्रांझों यानें १५५७ सालीं फ्रेंच लोकांच्या नित्याच्या धांवत्या हस्ताक्षराचे खिळे काढले. इटलीला तिचें अक्षर आहे तसें फ्रान्सला आपलें असावें, ही त्याची आकांक्षा होती. अक्षर देखणें होतें, परंतु जोडाक्षरें फार, खिळे फार, आणि पुस्तक वाचणारांचा डोळा तोंवर रोमन अक्षरास सरावलेला. अखेर मुलांना शिष्टाचार शिकविणाऱ्या एका पुस्तकावरून या अक्षरास 'सिव्हिलिते' असें नांव पडलें आणि मुलांना हस्तलिखित वाचण्याची संवय लावण्याच्या कामीं तें उरलें. आपल्या मोडी वाचनाच्या पुस्तकांशीं या कथेचें साम्य किती विलक्षण आहे!

उर्दूची गोष्ट याहून निराळी, आणि आपणांस अधिक विचार करावयास लावणारी आहे. नस्तालीक ही लिपिही उतरत्या, एकमेकांत गुंतलेल्या वळणांची. तिच्या खिळ्यांचे प्रयोग झाले, पण वाचकांनीं ते मनापासून स्वीकारले नाहींत; वर्तमानपत्रेंसुद्धां कातिब म्हणजे लेखक हातानें लिहीत आणि शिळाछापावर किंवा पुढें निराळ्या यंत्रावर तीं छापलीं जात. १९८१ सालीं मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून तयार झालेल्या 'नूरी नस्तालीक'मध्यें हजारों जोडाकृति संगणकांत सांठविल्या, तेव्हां कोठें ही अडचण सुटली. तोंवर उर्दू वाचकांनीं यंत्रास थांबावयास लाविलें. मराठी वाचकांनीं मोडीसाठीं यंत्रास थांबविलें नाहीं, याचें कारण त्यांची अनास्था नव्हे. उर्दूची कविता आणि उर्दूचा हिशेब एकाच लिपींत होते. मराठीची ओवी एका लिपींत आणि मराठीचा हिशेब दुसऱ्या लिपींत होता. छापखाना आला तेव्हां ओवीची लिपि त्याच्या हवालीं झाली, आणि हिशेबाच्या लिपीस कचेरीवांचून दुसरें घर राहिलें नाहीं.

तें घरही पुढें गेलें. मुंबई सरकारनें २५ जुलै १९१७ च्या निर्णयानें कारभारांत मोडीच्या जागीं बालबोध आणली. सोय आणि एकसारखेपणा हीं त्याचीं कारणें होतीं. शाळांतून मोडी त्यानंतरही कांहीं दशकें शिकविली जात होती, पण ज्या विद्येचा कचेरींत उपयोग नाहीं ती शाळेंत फार दिवस टिकत नाहीं. टंकलेखन यंत्रानें उरलीसुरली गरज संपविली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लिपिसुधारणेची चळवळ झाली तिचा वाद बालबोधाचे अवयव यंत्राच्या सोयीसाठीं कसे कमी करावे एवढाच होता. त्या वादांत मोडीचें नांव घेण्याचें कोणास प्रयोजन नव्हतें.

५

आजची स्थिति मात्र एका दृष्टीनें अगदीं उलटली आहे. जून २०१४ मध्यें मोडीस युनिकोड या जागतिक संकेतांत स्वतंत्र स्थान मिळालें. संगणकाच्या अक्षरसंचांत आकृतींची संख्या कितीही वाढली तरी जुळाऱ्याचा हात दुखत नाहीं. कोणत्या स्वराबरोबर कोणती आकृति यावी हा नियम एकदां लिहून ठेविला कीं काम झालें. केरीच्या ठसेकारांस जी गोष्ट दुर्घट होती ती आतां सुघट झाली आहे. दुसरीकडे अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकारांनीं मोडीचा अभ्यास करून तिचा वेग देवनागरींत उतरविला. त्यांच्या 'मुक्त लिपी'नें नवीन पिढीला प्रथमच दाखवून दिलें कीं आपल्या अक्षरांतही नृत्य आहे. लग्नपत्रिका, पुस्तकांचीं वेष्टनें, दुकानांच्या पाट्या, तरुणांचे सदरे, भिंतीवरील तसबिरी यांवर मोडीचें वळण आतां शोभेसाठीं मिरवूं लागलें आहे. याचा आम्हांस आनंद आहे. जी वस्तु सुंदर आहे ती डोळ्यांपुढें असावी, आणि डोळ्यांपुढें राहिलेली वस्तु कोणास तरी जिज्ञासेस प्रवृत्त करते.

परंतु शोभेचें अक्षर आणि वाचण्याचें अक्षर यांत जें अंतर आहे त्याकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. पत्रिकेवरील मोडी अक्षर न कळलें तरी पाहुणा लग्नास येतो, कारण खालीं बालबोधांत सर्व छापलेलें असतें. घरच्या पेटींतील खरेदीखत न कळलें तर तसें भागत नाहीं. २०२३ सालीं मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि पुढें तिचें काम राज्यभर वाढलें. जन्ममृत्यूच्या वह्या, कोतवाल बुकें, शाळांचीं रजिस्टरें, जमिनीचे जुने उतारे यांचे गठ्ठे बाहेर निघाले, आणि त्यांतील पुष्कळ मजकूर मोडींत निघाला. तेव्हां तालुक्यातालुक्याला मोडी वाचणाराचा शोध सुरू झाला. त्या राजकीय प्रश्नाचा निवाडा हा या लेखाचा विषय नव्हे. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, लक्षावधि माणसांचें हित ज्या कागदांवर अवलंबून आहे असें मानलें गेलें, ते कागद त्यांचे स्वतःचे पणतू वाचूं शकत नव्हते, आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले होते. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला दुसऱ्यानें वाचून दाखविलेल्यावर विश्वास ठेवावा लागतो. पूर्वीं हें दैन्य निरक्षर कुळाच्या वांट्यास कुळकर्ण्यापुढें येई. आज पदवीधर मनुष्य आपल्याच आजोबांच्या सहीपुढें त्याच स्थितींत उभा असतो.

इतिहासाची हानि याहून मोठी आहे. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' बावीस खंडांत छापलीं. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. हें सर्व बालबोधांत उतरवून छापलेलें वाङ्मय आपण वाचतों आणि मोडीचें काम संपलें असें समजतों. वास्तविक तें सागरांतील ओंजळभर पाणी होय. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांत, पुण्याच्या दप्तरांत आणि जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर जे रुमाल अद्यापि बांधलेले आहेत, त्यांत लढाया आणि तहनामे थोडे असतील. दुष्काळांत कोणी कोणाचें धान्य काढलें, विहिरीचा पाळीपाळीचा हक्क कसा ठरला, कोणत्या विधवेनें वतनासाठीं किती वर्षें दाद मागितली, असल्या गोष्टी त्यांत असतील; आणि सामान्य माणसाचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे त्याला त्यांवांचून गत्यंतर नाहीं. यंत्रांकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोग आतां होत आहेत आणि ते यशस्वी व्हावेत अशीच आमची इच्छा आहे. पण यंत्रानें वाचलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें सांगण्यास मोडी जाणणारा मनुष्य लागणारच, आणि चिटणिसी वळणांतील एखादें अक्षर घाईनें 'न' झालें कीं 'त' हें संदर्भावरून ठरविण्यास मराठी जाणणारा मनुष्य लागणार.

सुदैवानें ही विद्या कठीण असली तरी दुर्मिळ नाहीं. राज्य पुराभिलेख संचालनालय आणि अन्य कांहीं संस्था मोडीचे वर्ग घेतात. ज्याला मराठी चांगली येते त्याला कांहीं आठवड्यांत अक्षरओळख होते, आणि वर्ष-दोन वर्षांच्या सरावानें पेशवाईंतील साधा कागद लागूं लागतो. आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून मुलांना चित्रकला, संगीत, परकी भाषा शिकविण्याची हौस आहे आणि ती स्तुत्य आहे. त्यांतच घरांतील एकानें, निदान जेथें जुने कागद आहेत अशा घरांतील एकानें, मोडी शिकावी असें आम्ही सुचवितों. कागद नसतील तर जवळच्या संग्रहालयांत ते आहेत. आणि ज्या घरीं असे रुमाल आहेत त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं, किंवा वाळवीच्या हवालीं करण्यापूर्वीं, एकदां जाणत्यास दाखवावे. ओलीपासून दूर, कोरड्या जागीं, सुती फडक्यांत बांधून ठेवावे. गोंदानें किंवा चिकटपट्टीनें फाटलेलें सांधण्याच्या भरीस पडूं नये. एवढें झालें तर पत्रिकेवरील मोडीचें तें डौलदार वळण पाहतांना घरांतील निदान एक माणूस तें वाचूंही शकेल.